पिंपळावर मुंजा कोणी बसवला?

भुताखेतांचे आणि खून-दरोड्यांचे सिनेमे मुलांना पाहू द्यावेत का, असा प्रश्न आमच्या भगिनी वारंवार विचारतात. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, देहूरोड आणि पुढे थेट चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. इथली घरे पाळीवर चालतात. घरधनी तिसऱ्या पाळीला गेला की मागे बाई, मुले आणि टीव्ही एवढेच उरते. १९९३ साली झी वाहिनीवर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला, १९९५ साली सोनीवर 'आहट' आली, आणि तेव्हापासून या घरांत रात्रीचा पाहुणा म्हणून भूत येऊन बसले ते उठलेच नाही. आता तर टीव्हीचीही गरज राहिलेली नाही. पोराच्या हातातल्या मोबाइलवर देशोदेशीची भुते रांग लावून उभी आहेत. अशा वेळी 'पाहू नका' एवढे सांगून भागत नाही. कसे पाहावे आणि चांगले-वाईट कशावरून ठरवावे, हे सांगावे लागते.

आम्ही स्वतः हे सिनेमे पुष्कळ पाहिले आहेत. पिंपरीच्या विशालमध्ये, चिंचवडच्या जयश्रीमध्ये अंधारात किंकाळ्या मारणाऱ्या आणि भाड्याने व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे संपवणाऱ्या पिढीतलेच आम्ही. तेव्हा या विषयाकडे नाक मुरडून पाहण्याचा आमचा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही.

आधी रामसे घराण्याची हकीगत सांगतो, कारण आपल्याकडच्या भयपटाचा साचा त्यांनी पाडला. फत्तेचंद रामसे हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले रेडिओचे दुकानदार. त्यांना सात मुलगे. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करायला जातात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्या प्रसंगाला मात्र प्रेक्षक खुर्चीत ताठ होत. मुलांनी ते हेरले. लोकांना हेच हवे आहे तर मग सगळा सिनेमा असाच का करू नये? १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला मुक्काम टाकून, थोडक्या पैशांत, घरच्याच माणसांनी तो उभा केला. एक भाऊ लिहिणार, एक कॅमेरा सांभाळणार, एक आवाज बघणार, एक फिल्म कापून जोडणार, आणि तुलसी व श्याम हे दोघे दिग्दर्शन करणार. भोसरीत एखाद्या शेडमध्ये चार भावांनी मिळून वर्कशॉप काढावे, एकाने लेथ, एकाने ड्रिल, एकाने हिशेब पाहावा, तसाच हा प्रकार. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे.

पण वर्कशॉपमधल्या आमच्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असते. एकदा डाय तयार झाला की प्रेसवर त्याच मापाचे नग पडत राहतात. 'दरवाजा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाजा' (१९९०) हे सारे एका डायमधले नग. गावाबाहेर हवेली, हवेलीचा ठाकूर, ठाकुराच्या घराण्यावर जुना शाप, शहरातून गाडीने येणारी तरुण पोरे-पोरी, वाटेत गाडी बंद, कंदील घेतलेला म्हातारा चौकीदार, न्हाणीघरातला प्रसंग, मध्येच विनोदी नटाचा असंबद्ध धुडगूस, आणि शेवटी देवाचे शस्त्र घेऊन सैतानाचा नायनाट. 'पुराना मंदिर'मध्ये तर भुताच्या कथेच्या पोटात जगदीप 'शोले'ची नक्कल करीत हिंडतो. त्याचा कथेशी काडीचाही संबंध नाही. तरी तो सिनेमा धो-धो चालला.

साचेबद्ध म्हणून लगेच टाकाऊ, असे आम्ही म्हणणार नाही. आपली कुस्ती साचेबद्ध, तमाशातली गवळण साचेबद्ध, आणि भीमजयंतीच्या कव्वालीचा मुकाबलाही साचेबद्धच. पुढे काय येणार हे ठाऊक असूनही माणूस जातो, कारण ठरलेली गोष्ट कोण किती रंगवतो ते पाहायचे असते. म्हणून भयपटाला पहिले गुण द्यायचे ते रंगवण्याचे. त्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. भीतीचा प्रसंग आला की टीव्हीचा आवाज बंद करा. तरीही पोटात गोळा आला तर समजावे की दिग्दर्शकाला काम येते. आवाज जाताच सगळे हास्यास्पद झाले तर तुम्हाला घाबरवणारा दिग्दर्शक नव्हता, ढोल वाजवणारा होता. मुलांबरोबर हा खेळ करून पाहा. दोन-चार वेळा केला की भूताची अर्धी ताकद तिथेच उतरते. रामसेंचे निम्मे प्रसंग या परीक्षेत नापास होतात. 'पुराना मंदिर'मधला अनिरुद्ध अगरवाल यांचा सामरी मात्र आवाज बंद करूनही पास होतो. तो उंच, हाडाडलेला चेहराच तसा आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते मोलाची. भुताच्या सिनेमात नेहमी विचारावे की हवेली कोणाची?

रामसेंच्या आधीचे हिंदी रहस्यपट आठवा. कमाल अमरोहींच्या 'महल'मध्ये (१९४९) पांढऱ्या वस्त्रात फिरणारी, अशोककुमारला वेड लावणारी ती छाया शेवटी कोण निघते? माळ्याची मुलगी. 'बीस साल बाद'मध्ये (१९६२) ठाकुराच्या घरातल्या पुरुषांना एकामागून एक कोण मारतो? ज्याच्या मुलीची अब्रू ठाकुराने लुटली आणि जिने त्यापायी जीव दिला, त्या मुलीचा बाप. 'वह कौन थी' (१९६४), 'गुमनाम' (१९६५) यांतही भुतामागे माणूसच असतो, आणि मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) त्याच वाटेने जातो. ही मंडळी काही क्रांतिकारक नव्हती. 'बीस साल बाद'ची कल्पना तर शेरलॉक होम्सच्या शिकारी कुत्र्याच्या कथेवरून उचललेली. पण त्या सिनेमांत पडदा पडण्यापूर्वी दिवा लागत असे. भूत म्हणजे माणसाचे कारस्थान, आणि कारस्थानामागे जमीन, वारसा, किंवा गरिबाच्या लेकीवर झालेला अन्याय, एवढे तरी प्रेक्षक घरी घेऊन जात.

रामसेंच्या हवेलीत भूत खरे ठरले आणि अन्याय खोटा पडला. 'पुराना मंदिर'मध्ये सामरीला राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो, धड मंदिरामागे पुरतो, मुंडके पेटीत बंद करतो. सामरी कुठल्या गावचा, कोणाचा, त्याचे आईबाप कोण, काही नाही. तो जन्मतःच सैतान. राजा जन्मतःच न्यायी. शापाचा त्रास मात्र राजाच्या पुढच्या पिढ्यांना, म्हणून आपण राजाच्या वंशासाठी हळहळायचे. तीन तासांत कोणी विचारीत नाही की एवढी मोठी हवेली कोणाच्या घामावर बांधली? आणि मरतो कोण ते पाहा. ठाकुराच्या आधी नोकर मरतो, लाकूडतोड्या मरतो, गाडीवान मरतो. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. त्यांचे मरण म्हणजे पुढच्या मरणाची घंटा. आम्ही तर मुलांना सांगतो की सिनेमा सुरू झाला की पहिली तीन मेलेली माणसे कोण ते बोटावर मोजा. मुले हुशार असतात. चार सिनेमे झाले की पाचव्यात कोण मरणार ते ती आधीच सांगतात.

स्मशानाचेही तेच. पडद्यावरच्या स्मशानात जटा वाढवलेला, काळा, तांबारलेल्या डोळ्यांचा एक माणूस असतोच. तो दिसला की संगीत बदलते. आता आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास आठवा. मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव चालत जाणे, सरणाला लाकडे वाहणे, मेलेली ढोरे ओढणे ही महारकीची कामे गावगाड्याने त्यांच्यावर लादलेली होती. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले, आणि १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. म्हणजे ज्या स्मशानाच्या नावाने गाव थरथर कापे, तिथे अंधारात एकट्याने जाणारा माणूस आपला होता. त्याला भूत लागले नाही. त्याला थंडी लागली, भूक लागली आणि परत आल्यावर शिळा तुकडा मिळाला. ज्याने गावाचे सर्वांत अवघड काम केले त्यालाच पडद्यावर भीतीचे चिन्ह करून उभे करायचे, ही लबाडी ओळखता आली पाहिजे. आपल्या घरातल्या मुलांना हा इतिहास ठाऊक नसेल तर भयपटाचे निमित्त करून तो अवश्य सांगावा.

भुतांनाही जात असते, हे तर आपल्या लोकसमजुतीत उघडच लिहिलेले आहे. समंध ब्राह्मणाचा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला बटू. म्हणजे ज्या घरात मुंजच होत नाही त्या घरातला मुलगा मेला तर तो मुंजाही होऊ शकत नाही! मेल्यावरही वरचा मजला राखीव. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा २०२४ साली आला आणि खूप चालला. कोकणातला पिंपळ, त्याच्या बुंध्याशी अडकलेला मुंज्या, आणि पुण्यात राहणारा भित्रा बिट्टू. संगणकावर घडवलेला तो मुंज्या मुलांना आवडला. आवाज बंद करण्याच्या परीक्षेत तो बरा उतरतो, हसवतोही. पण आमच्या मनात तो पिंपळ सलत राहिला.

ज्या झाडाखाली सिद्धार्थ गौतमाला संबोधी प्राप्त झाली ते झाड पिंपळाचे. त्याची फांदी घेऊन संघमित्रा सिंहलद्वीपात गेली. आपल्या विहारांच्या अंगणात आपण तेच झाड लावतो, दीक्षाभूमीवर त्याच्यासमोर हात जोडतो. जगातल्या करोडो माणसांना जे झाड ज्ञानाचे वाटते त्याच झाडाखालून आपल्या गावात मूल संध्याकाळी जायला का घाबरते? पिंपळावर मुंजा कोणी बसवला? बौद्ध धम्माचा पाडाव झाल्यावर त्याची पवित्र ठिकाणे भीतीची करून टाकली गेली, असे आपल्या चळवळीतले अभ्यासू लोक सांगत आले आहेत. नेमके कधी आणि कसे, ते इतिहासकारांवर सोपवू. भीती मात्र आपल्या डोळ्यांदेखत आहे.

आणि ती भीती नुसती गंमत नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात १९७२ पासून लहान मुलींचे आणि स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून पिंपळावरच्या मुंजाला रक्त द्यायचे, असा समज त्यामागे असल्याचे तपासात पुढे आले. मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तो तपास केला. २०२४ साली त्यावर 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली. आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णींच्या भूमिकेत आहेत. एकाच वर्षी दोन पिंपळ पडद्यावर आले. एकावरचा मुंज्या लग्नासाठी हट्ट करणारा खट्याळ पोरगा, आणि दुसऱ्याच्या मुळाशी खरोखरीच्या पोरींचे रक्त. ज्या घरात पहिला पाहिला जातो तिथे दुसऱ्याची हकीगतही सांगितली जावी, एवढेच आमचे म्हणणे. मालिका मात्र मोठ्यांनीच पाहावी.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, बुटाचे पाणी पाजणे हे या कायद्याने गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याची ती यादी वाचताना आम्हाला वाटले की अरे, हे तर सगळे सिनेमात नायक मंडळी करतात! पडद्यावर मांत्रिक सुनेचे केस धरून फरपटतो आणि आपण 'बरे झाले, भूत गेले' म्हणतो. आपल्याच चाळीत पहिलटकरीण बाई बडबडायला लागली, झोपेनाशी झाली, तर हाच प्रसंग डोळ्यांसमोर येतो आणि सासू बाबाचा पत्ता विचारते. बाळंतपणानंतर मन बिघडणे हा आजार आहे, त्यावर औषध आहे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. हे घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मग भीतीचे करायचे काय? या बाबतीत आपल्याजवळ असा ठेवा आहे की कोणत्याही रामसेला हेवा वाटावा. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात तथागत जानुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला आपला अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी ते अमावास्या, पौर्णिमा आणि अष्टमीच्या रात्री मुद्दाम अशा रानात, अशा झाडांखाली जाऊन राहत, जिथे लोकांच्या अंगावर काटा येई. रात्री एखादे हरीण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. मनात येई की तीच ती भीती आली. मग त्यांनी ठरवले की भीती ज्या स्थितीत गाठेल त्याच स्थितीत तिला जिंकायचे. चालताना आली तर ती जाईपर्यंत चालत राहायचे, बसायचे नाही. बसलेले असताना आली तर उठायचे नाही. आता हरीण, काटकी, पाचोळा हे पाहा. पडद्यावरच्या भीतीचे सगळे सामान अडीच हजार वर्षांपूर्वीच इथे आहे. फरक एवढा की सिनेमावाला काटकी मोडताच कॅमेरा मागे वळवतो आणि किंकाळी घालतो. तथागत तिथेच बसून राहतात आणि काटकी मोराने पाडली हे पाहतात. तिसऱ्या पाळीच्या रात्री पत्रा वाजला म्हणून मूल बिलगले तर त्याला उगी करून झोपवण्याऐवजी बॅटरी घेऊन दोघांनी जाऊन पत्रा पाहून यावा. आमच्या माहितीतल्या घरांत या उपायाने मुलांची भीती गेलेली आहे.

सगळेच नवे भयपट वाईट आहेत असे नाही. 'तुंबाड' (२०१८) आम्हाला फार आवडला. त्यात भूत आहे, पण भीती हावेतून येते. बाप मुलालाही त्याच खड्ड्यात उतरायला शिकवतो. कोणी मांत्रिक येऊन सोडवत नाही. विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (२०१७) उसाच्या फडातल्या घरात घडतो आणि त्याच्या मुळाशी मुलींची गर्भातली हत्या आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर ८०७. ज्या राज्यात असे आकडे आहेत तिथे उसाच्या फडात भूत दिसणारच! त्याच दिग्दर्शकाने तो पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून केला, पण मराठीतल्या उषा नाईकांची सर त्याला नाही असे आमचे मत. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) इंग्रजी 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेला आहे हे खरे, पण दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्यांचा बाहुला मुलांना घाबरवता घाबरवता हसवतो. त्याला आम्ही पास करतो.

आता गुन्हेगारीच्या सिनेमांकडे थोडे वळू. मराठी माणसाला रहस्यकथेचे वेड जुनेच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. गल्लीबोळातल्या वाचनालयांत त्यांचा 'झुंजार' आणि 'काळा पहाड' फाटेस्तोवर वाचले जात. त्या पुस्तकांनी कित्येक कामगारांना वाचनाची गोडी लावली, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. पुढे टीव्हीवर बी. पी. सिंग यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' आणि १९९८ पासून हिंदीत 'सीआयडी' केली. दोन्हींत आपले शिवाजी साटम.

या प्रकारातही एकच प्रश्न विचारावा. चोर कसा दिसतो? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कंजारभाट, कैकाडी, पारधी, रामोशी, वडार या आपल्या बांधवांच्या कपाळावरचा शिक्का कागदावरून गेला, सिनेमातून गेला नाही. पिंपरीच्या भाटनगरातल्या पोराने शिकून नोकरी मागितली तरी पत्ता वाचून समोरच्याची भिवई वर जाते. ती भिवई सिनेमाने आणि पेपरांनी घडवली आहे. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेल्या 'फकिरा'त हाच दरोडेखोर आतून दाखवला, तो दुष्काळात माणसे जगवण्यासाठी धान्य लुटतो. आणि वास्तव काय सांगते? जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर खून सत्राने पुणे हादरले. दहा माणसे गेली. संध्याकाळ झाली की दारे बंद होत. ते खून करणारे झोपडपट्टीतले नव्हते, पुण्यातल्या कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. त्यावर 'माफीचा साक्षीदार' (१९८६) आला, नाना पाटेकरांचा. ठराविक सिनेमाने तेच खून कोणाच्या अंगावर टाकले असते ते वाचकांनीच ठरवावे.

ठराविक सिनेमात शेवटी पोलीस येतात आणि लोक 'उशिरा आले' म्हणून हसतात. आपल्या लोकांना त्यात हसू येत नाही. आपली अडचण पोलीस उशिरा येण्याची नसते, फिर्याद लिहून घेण्याची असते. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली झाला तरी फिर्यादीसाठी ठाण्याच्या पायरीवर बसावे लागते, हे खैरलांजीनंतर वेगळे सांगायला नको. म्हणून 'जयभीम' (२०२१) या तमिळ सिनेमाने आपल्या वस्त्यांत खळबळ उडवली. १९९३ साली तमिळनाडूत पोलीस कोठडीत घडलेल्या खऱ्या प्रकरणावर तो आहे. वकील झालेला सूर्या साच्यातला नायकच आहे, आणि मारहाणीची दृश्ये आम्हाला नको इतकी लांब वाटली. पण ती गरोदर बाई नुकसानभरपाईचे पैसे नाकारते, तो प्रसंग कोणत्याही साच्यात बसत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) त्याहून वरचा. गटारात उतरलेला सफाई कामगार मरतो आणि त्याने लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली असा खटला शाहिरावर होतो. शाहिराचे काम केले ते नागपूरचे वीरा साथीदार यांनी. 'विद्रोही' मासिकाचे संपादक, चळवळीतला माणूस. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. या सिनेमात खून आहे, पण चाकू नाही, पाठलाग नाही, ढोल नाही. गटारात उतरणाऱ्याला साधे संरक्षक साहित्य मिळत नव्हते, एवढा पुरावा समोर येतो आणि तारीख पुढे जाते. आपल्या पट्ट्यात प्रेसवर बोटे गेलेला पोरगा कोणत्या तरी शेडच्या बाहेर बसलेला दिसतो, सेन्सर बिघडलेला होता असे तो सांगतो, आणि त्याच्या तपासाला कोणी एसीपी प्रद्युम्न येत नाही. त्यावर अजून कोणी थरारपट काढला असेल तर आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी अंगुलिमालाबद्दल दोन शब्द. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची कथा घेतली आहे, आणि १९६० साली विजय भट्टांनी त्यावर हिंदी सिनेमाही काढला होता. माणसांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर तथागतांच्या मागे धावतो इथपर्यंत सर्वांना माहीत असते. सुत्तात पुढचाही भाग आहे. भिक्खू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले असा तो परत येतो आणि तथागत त्याला सहन करायला सांगतात. मुलांना गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये. मुले इथेच सर्वांत जास्त प्रश्न विचारतात. त्याला पोलिसांनी का धरले नाही, ज्यांची माणसे मेली त्यांचे काय, दगड मारणारे चूक की बरोबर?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या मूर्तीच्या आसपासच्या वस्त्यांत आज घरटी दोन-दोन मोबाइल आहेत. आमची सूचना अशी की विहारांच्या मंडळांनी महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर, भिंतीवर पडदा लावून असा एखादा सिनेमा दाखवावा आणि नंतर अर्धा तास मुलांनाच बोलू द्यावे. सुरुवात 'झपाटलेला'ने करावी. 'कोर्ट' दहावीच्या पुढच्या मुलांना चालेल, तो संथ आहे हे आधीच सांगून ठेवावे. 'लपाछपी' गरोदर भगिनींना आणि लहानग्यांना दाखवू नये. पहिल्या पाळीच्या लोकांना सोमवारी पहाटे उठायचे असते, तेव्हा कार्यक्रम रात्री नऊच्या आत आटोपावा.